तीन तासांचं लग्न आणि ११ जीबीची फाइल: एक्सपोर्ट सेटिंगचं गणित एकदाच नीट समजून घ्या

एडिटिंग शिकवणारे व्हिडिओ पैशाला पासरी झालेत, ट्रान्झिशन कसं टाकायचं, कलर कसा करायचा, गाणं बीटवर कसं कापायचं, सगळं सापडतं. पण शेवटी एक्सपोर्टचं बटण दाबल्यावर जी खिडकी उघडते ना, तिथं आले की बहुतेक जण डोळे मिटून 'बेस्ट' किंवा 'हाय' निवडतात आणि चहा प्यायला जातात. मग चाळीस मिनिटांची मुंज १० जीबीची होते आणि मामा विचारतात अगं व्हॉट्सॲपवर टाक की, त्यात काय एवढं. नाहीतर उलटं, घाबरून 'लो' निवडतात आणि हळदीचा सगळा कार्यक्रम पिवळा चिखल झालेला दिसतो.

मी घरच्या, नातेवाइकांच्या आणि ओळखीपाळखीच्या कार्यक्रमांचं एडिटिंग करते, लग्न, मुंज, डोहाळेजेवण, शाळेचं गॅदरिंग असलं सगळं, आणि मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असतो की फाइल एवढी मोठी का झाली. म्हणून लग्नाचाच व्हिडिओ धरून सांगते, बाकी कशालाही हेच लागू पडतं.

आधी गणित, ते सोपंय

फाइलचा साइज दोनच गोष्टींवर ठरतो, बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदाला किती बिट खर्च होतात, आणि व्हिडिओ किती वेळाचा आहे. बस. रिझोल्यूशनवर, म्हणजे चित्रात किती पिक्सेल आहेत त्यावर, ठरत नाही. हे ऐकून लोक वाद घालायला लागतात पण खरंच तसंय, १० मिनिटांचा ४के व्हिडिओ १० एमबीपीएसला काढा आणि तोच ७२०पी मध्ये १० एमबीपीएसला काढा, दोन्ही फाइल जवळजवळ सारख्याच भरतील. ४केची फाइल मोठी होते कारण सॉफ्टवेअर ४के निवडल्यावर आपणहून बिटरेट वाढवून ठेवतं, तुमच्या नकळत.

आता एमबीपीएस म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट, आणि फाइल आपण मोजतो मेगाबाइटमध्ये, आठ बिटचा एक बाइट, म्हणून आठनं भागायचं. एवढं एकच लक्षात ठेवा: ८ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १ एमबी, म्हणजे मिनिटाला ६० एमबी, म्हणजे तासाला ३.६ जीबी. बाकी सगळं यावरून तोंडी होतं. १६ केलं की दुप्पट, ४ केलं की निम्मं. तीन तासांचं लग्न ८ ला काढलं तर १०.८ जीबी, आलं ना ११ च्या आसपास. म्हणजे फाइल 'मोठी झाली' असं काही नसतं, एक्सपोर्ट दाबायच्या आधीच ती केवढी होणार ते ठरलेलं असतं, फक्त कोणी बघत नाही.

ऑडिओचं विचारतात बरेच जण. ३२० केबीपीएसचा ऑडिओ मिनिटाला २.४ एमबी खातो, व्हिडिओच्या ६० पुढे काहीच नाही, त्यामुळे ऑडिओ कमी करून फाइल बारीक करायच्या नादी लागू नका. सनई-चौघडा १२८ ला ऐकायला कसातरीच लागतो. फक्त एक अपवाद, क्लासचं लेक्चर वगैरे असेल, नुसता फळा आणि सरांचा आवाज, तिथं व्हिडिओच अर्ध्या एमबीपीएसवर भागतो, मग तिथं ऑडिओ ९६ किंवा १२८ वर आणायला अर्थ आहे.

मग रिझोल्यूशनचा संबंध काय? तर बिटरेट म्हणजे जेवढं तूप आहे तेवढंच, ते किती पोळ्यांवर पसरायचं ते रिझोल्यूशन ठरवतं. १०८०पीच्या एका फ्रेममध्ये साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, ४केमध्ये ८३ लाख, बरोबर चौपट. ७२०पीत ९.२ लाख. ३ एमबीपीएसमध्ये ४के काढलं तर प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला काही येतच नाही आणि चौकोन चौकोन दिसायला लागतात, त्याच ३ मध्ये ७२०पी मस्त दिसतं. म्हणून फाइल छोटी पाहिजे असेल तर नुसता बिटरेट कमी करायचा नाही, त्याच्या जोडीनं रिझोल्यूशन पण खाली आणायचं. ४के नाव दिसलं म्हणजे क्वालिटी, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा.

अक्षता पडतात तिथं खरी परीक्षा

बिटरेट नेमका कुठे संपतो ते कळलं की अर्धं काम झालं. व्हिडिओ कॉम्प्रेस करताना प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. मधेमधे एक पूर्ण फ्रेम ठेवतात, तिला कीफ्रेम म्हणतात, आणि पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं, काय कुठे सरकलं तेवढंच लिहून ठेवतात. भटजी बसून मंत्र म्हणतायत, मागे तोच पडदा, तीच फुलं, नवरा-नवरी मान खाली घालून बसलेत, असल्या शॉटला काही खर्चच येत नाही. ३-४ एमबीपीएसमध्ये सुद्धा शालूची जर दिसते.

आणि मग मंगलाष्टकं संपतात, अंतरपाट खाली येतो आणि दोनशे माणसं एकदम अक्षता टाकतात. आता बघा काय होतं. हजारो दाणे हवेत, प्रत्येक फ्रेममध्ये प्रत्येक दाणा वेगळ्या जागी, त्यात कॅमेरावाल्यानं लाइट मारलेला, शिवाय सगळे हात वर, आणि फोटोग्राफरचे फ्लॅश. आधीच्या फ्रेमवरून उचलण्यासारखं काहीच उरत नाही, सगळं नव्यानं लिहावं लागतं, आणि एन्कोडरकडे, म्हणजे कॉम्प्रेस करणाऱ्या प्रोग्रामकडे, तर तेवढेच बिट. मग तो कुठून काढणार? चेहऱ्यावरून काढतो. नवरीचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो, मागची माणसं ठिपके ठिपके होतात, अक्षता तर दिसतच नाहीत, नुसता पांढरट धूर. आख्ख्या लग्नातला जो क्षण सगळे रिवाइंड करून बघणार तोच सगळ्यात खराब. वरातीतला गुलाल, फुलांच्या पाकळ्या, फटाके, पाऊस, धबधबा, पाण्यावरचं ऊन, हे सगळे याच जातीतले.

म्हणून माझा नियम असा की सेटिंग ठरवताना व्हिडिओतला सगळ्यात अवघड २० सेकंदांचा तुकडा काढायचा, तेवढाच एक्सपोर्ट करून बघायचा. टाइमलाइनवर इन आणि आउट पॉइंट लावले की कुठलंही सॉफ्टवेअर तेवढाच भाग काढून देतं, एक-दोन मिनिटांत काम होतं. अक्षता नीट दिसल्या तर बाकीचं लग्न आपोआप नीट दिसणार. लोक काय करतात, सुरुवातीचा टायटलचा भाग बघतात, वा छान आलंय म्हणतात आणि पाच तास रेंडरला लावून देतात.

दुसरा खादाड म्हणजे अंधार. हॉलमध्ये लाइट कमी, कॅमेऱ्यानं आयएसओ, म्हणजे उजेड पकडायची संवेदनशीलता, वाढवला, त्यामुळे काळ्या भागात सतत बारीक दाणे वळवळत असतात. आपल्याला ते नॉइज वाटतं पण एन्कोडरला काय माहीत, त्याला वाटतं हे सगळं महत्त्वाचं डिटेल आहे, आणि तो त्या मुंग्या जपण्यात बिट घालवतो. अशा फुटेजला एक्सपोर्टच्या आधी हलकं डीनॉइज करा, फाइल पण उतरते आणि दिसतं पण चांगलं. दाविंची या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये नॉइज रिडक्शन पैसे भरून घेतलेल्या स्टुडिओ आवृत्तीतच आहे, पण हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एनएलमीन्स नावाचा फिल्टर फुकट मिळतो. त्याचं 'अल्ट्रालाइट' किंवा 'लाइट' पुरे, जास्त केलं की माणसं प्लास्टिकची दिसतात. वेळ खूप खातो हे आधीच सांगते, रात्री लावून झोपा.

साइज ठरवा नाहीतर क्वालिटी ठरवा, दोन्ही एकदम ठरवता येत नाही

एक्सपोर्टच्या खिडकीत जे सीबीआर, व्हीबीआर, सीआरएफ वगैरे येतं त्याचा अर्थ एवढाच आहे.

तुम्ही बिटरेट दिला तर फाइल केवढी होणार ते पक्कं, पण क्वालिटी कशी येईल ते फुटेजवर अवलंबून. सीबीआर म्हणजे कायम तेवढेच बिट, भटजींना ८ आणि अक्षतांना पण ८, हे लाइव्ह स्ट्रीमिंगसाठी ठीक आहे, फाइल काढायला घेऊ नका. व्हीबीआर म्हणजे सरासरी ८ पण गरज पडेल तिथं जास्त, नसेल तिथं कमी, म्हणजे भटजींकडचे वाचलेले अक्षतांना देता येतात. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टार्गेट आणि मॅक्सिमम असे दोन आकडे असतात, टार्गेट ८ असेल तर मॅक्सिमम १४-१६ द्या, दोन्ही सारखे ठेवले तर व्हीबीआर घेऊन उपयोग काय. आणि टू पास मिळत असेल तर तो घ्या, वेळ बराच जास्त लागतो पण तो आधी एकदा सगळा व्हिडिओ बघून घेतो की अवघड जागा कुठे कुठे आहेत आणि मग वाटणी करतो. साइज पक्का पाहिजे असतो तेव्हा हेच बरं.

दुसरा रस्ता सीआरएफ, हँडब्रेकमध्ये याला आरएफ म्हणतात, कॉन्स्टंट क्वालिटी. इथं तुम्ही क्वालिटीचा आकडा देता आणि जेवढे बिट लागतील तेवढे तो घेतो, फाइल किती होईल ते त्याचं तो बघेल. आकडा जितका छोटा तितकी क्वालिटी चांगली आणि फाइल मोठी, इथं सगळे गोंधळतात. एच.२६४ या कोडेकला, म्हणजे व्हिडिओ कॉम्प्रेस करायच्या पद्धतीला, आकडा ० ते ५१ असतो, १०८०पीसाठी २० ते २४ मध्ये कुठेतरी. ढोबळ हिशोब असा की ६ नं आकडा वाढवला की फाइल निम्म्यावर येते, म्हणजे २० ची फाइल २६ च्या साधारण दुप्पट.

घरात ठेवायची कॉपी, हार्ड डिस्कवर पडून राहणार, साइजचं तसं बंधन नाही, तिथं मी डोळे झाकून सीआरएफ घेते. हँडब्रेकमध्ये रेंजच्या जागी चॅप्टर्स असतं तिथं सेकंद्स निवडून अक्षतांचे २० सेकंद द्या, आरएफ २० ला काढा, मग २३, मग २६. तिन्ही फाइल टीव्हीवर लावा, लॅपटॉपच्या छोट्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं. अक्षता हवेत असताना पॉज करा आणि नवरीच्या कपाळावरच्या मुंडावळ्या बघा, मोती वेगवेगळे दिसतायत की एक पांढरी रेघ झालीये. मग हॉलचा काळोखा कोपरा बघा, तिथं काळ्याचे पट्टे आणि चौकोन दिसतात का. २० आणि २३ मध्ये तुम्हाला फरक शोधावा लागत असेल तर २३ घ्या आणि पुढे चला.

एवढंच की या २० सेकंदांवरून सगळ्या फाइलचा साइज काढायला जाऊ नका, तो भलताच येईल. साइजचा अंदाज पाहिजे असेल तर एक तुकडा विधींचा, एक जेवणाच्या पंगतीचा, एक वरातीचा असं काढून सरासरी घ्या.

आणि ग्राफिक कार्डवरचं एन्कोडिंग, एनव्हीएन्क, क्विक सिंक वगैरे. जाम फास्ट असतं, पण त्याच बिटरेटला प्रोसेसरवर सावकाश केलेलं एन्कोडिंग जास्त चांगलं येतं. बिटरेट भरपूर देणार असाल तर कार्ड वापरा, कमी बिटरेटमध्ये क्वालिटी काढायची असेल तर सॉफ्टवेअर एन्कोडिंग घ्या. आरएफचे आकडे पण एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत, हार्डवेअरचा २२ आणि सॉफ्टवेअरचा २२ वेगळे.

कुठे बघणार त्याप्रमाणे

एकच फाइल काढून सगळीकडे फिरवायची नाही. मी आधी एक मास्टर काढते, १०८०पी, एच.२६४, ४० ते ५० एमबीपीएस, मोठी होऊ दे, आणि मग बाकीच्या सगळ्या कॉपी हँडब्रेकमधून त्या मास्टरवरून. प्रोरेस या कमी दाबणाऱ्या एडिटिंगच्या कोडेकमध्ये पण ठेवता येतं, पण १०८०पीला प्रोरेस ४२२ मिनिटाला एक जीबीच्या आसपास जातं, तीन तासांना ते आपल्याला झेपत नाही, सिनेमावाल्यांचं ठीक आहे.

यूट्यूबला बिटरेट कंजूषपणे देऊ नका कारण तुम्ही काहीही टाका, ते परत कॉम्प्रेस करणारच, त्यामुळे त्यांना मिळणारा माल चांगला पाहिजे. त्यांनीच सांगितलेले आकडे आहेत: १०८०पीला सेकंदाला ३० फ्रेम असतील तर ८ एमबीपीएस, ६० फ्रेमला १२, १४४०पीला १६ आणि २४, ४केला ३० फ्रेमसाठी ३५ ते ४५. ऑडिओ स्टिरिओ ३८४ केबीपीएस. मी १०८०पीला १२-१६ देते, अक्षतांमुळे. एक जुगाड पण सांगते, १०८०पीत एडिट केलेला व्हिडिओ १४४०पी करून अपलोड केला तर यूट्यूब त्याला व्हीपी९ कोडेक देतं आणि त्याच चित्रातली चौकडी बरीच कमी होते, छोट्या चॅनेलवाल्यांना १०८०पीला बहुतेक वेळा जुनाच कोडेक मिळतो. चित्रात डिटेल काही वाढत नाही, फक्त तिकडची कॉम्प्रेशनची मारामारी कमी होते. आणि अपलोड झाल्या झाल्या व्हिडिओ धुरकट दिसला तर बोंब मारू नका, आधी छोटी आवृत्ती तयार होते, एचडी आणि ४के नंतर येतं, थोडा वेळ द्या. नवीन अकाउंटला फोन नंबर व्हेरिफाय केल्याशिवाय १५ मिनिटांच्या वरचा व्हिडिओ चढत नाही हे पण आधीच बघून ठेवा. तीन तासांचं लग्न नातेवाइकांना दाखवायचं असेल तर अनलिस्टेड, म्हणजे फक्त लिंक असलेल्यालाच दिसेल असं, करून लिंक पाठवणं हाच खरा उपाय.

अपलोडचा वेळ पण हिशोबात धरा. ६०० एमबीची फाइल घरच्या फायबरवर २० एमबीपीएस अपलोड असेल तर चार मिनिटं, गावाकडे मोबाईल डेटावर ३ एमबीपीएस मिळत असेल तर सव्वीस-सत्तावीस मिनिटं, तेही रेंज गेली नाही तर. तिथं १६ चं ८ केलं तर कुणाला कळणारही नाही.

व्हॉट्सॲपचं दुखणं वेगळं. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की ते स्वतःच चुरगाळतं, एचडी निवडलं तरी ७२०पीच्या वर जात नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर हात लावत नाही, आणि डॉक्युमेंटला २ जीबीपर्यंत परवानगी आहे. पण आजीला डॉक्युमेंट डाउनलोड करून उघडायला सांगून बघा एकदा, फोन येतोच की काही दिसत नाही गं. म्हणून मी तीन-चार मिनिटांची हायलाइट वेगळी काढते, ७२०पी, ३ एमबीपीएस, ऑडिओ १२८, तीन मिनिटांना साधारण ७० एमबी, आणि ती एचडीमध्ये पाठवते. आपणच आधी नीट बारीक केलेली फाइल असली की त्यांच्या कॉम्प्रेशनमध्ये तेवढी बिघडत नाही. नवरा-नवरीला तीच डॉक्युमेंट म्हणून.

इन्स्टाला उभा व्हिडिओ १०८० बाय १९२०, ३० फ्रेम, १० एमबीपीएसच्या आसपास. ४के देऊन काही मिळत नाही, उलट ते छोटं करताना अजून मऊ करतात. ॲपच्या सेटिंगमध्ये मीडिया क्वालिटीत 'अपलोड ॲट हायेस्ट क्वालिटी' चालू आहे का बघा, ते बंद असतं आणि लोक एडिटरला शिव्या देतात.

आता टीव्ही आणि पेनड्राइव्ह, सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार. बाजारातले बरेच पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचे असतात आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. कॉपी करताना 'फाइल टू लार्ज' येतं ते यामुळे. एक्सएफएटीला फॉरमॅट केलं तर बसते पण जुना टीव्ही तो पेनड्राइव्ह ओळखतच नाही. आता तीन तास ४ जीबीत कोंबायचे म्हटलं तर बघा, ३८०० एमबी धरा, गुणिले ८ म्हणजे ३०,४०० मेगाबिट, भागिले १०,८०० सेकंद, आले २.८ एमबीपीएस, त्यात ऑडिओ पण. १०८०पीला अक्षतांचं काय होईल ते वर सांगितलंच आहे. म्हणून कोंबू नका, तुकडे करा. ८ एमबीपीएसला ४ जीबीत साधारण एक तास बसतो, तर हळद आणि सीमांतपूजन एक, लग्न दुसरं, वरात आणि रिसेप्शन तिसरं, प्रत्येक तासाच्या आत. तसंही सलग तीन तास कोण बघतंय.

टीव्हीसाठी एच.२६४, आठ बिट, एमपी४, ऑडिओ एएसी, यातलं काही बदलू नका. एच.२६५ मध्ये तीच क्वालिटी ३०-४० टक्के कमी बिटरेटमध्ये येते, कधी त्याहून कमी, खोटं नाही ते, पण तो २०१३ चा कोडेक आहे आणि त्याआधीच्या टीव्हीवर चालायचा प्रश्नच नाही, विंडोजवर सुद्धा त्याचं एक्स्टेंशन वेगळं घ्यावं लागतं नाहीतर व्हीएलसी टाकावा लागतो. एच.२६४ २००३ पासून आहे, कशावरही चालतो. एव्ही१ या अजून नव्या कोडेकचं नाव ऐकलं असेल, चांगला आहे, पण काकांच्या टीव्हीसाठी त्याचा विचार पण नको. हार्ड डिस्कवरच्या आपल्या कॉपीला एच.२६५ वापरा, दुसऱ्याच्या हातात द्यायचं असेल तर एच.२६४.

बाकी सुटं सुटं

फ्रेम रेट जो शूटचा तोच एक्सपोर्टचा. आपल्याकडे कॅमेरावाले बहुतेक २५ ला शूट करतात कारण वीज ५० हर्ट्झची आणि ट्यूबलाइट लुकलुकते, आणि पाहुण्यांचे मोबाईल ३० ला. जास्त फुटेज ज्याचं त्यावर टाइमलाइन ठेवा. २५ चं ६० करून स्मूथ होत नाही, फ्रेम नुसत्या डबल होतात.

मोबाईलचा अजून एक त्रास, तो फ्रेम रेट स्थिर ठेवत नाही, २९ काय ३० काय मनाला येईल तसं, आणि लांब क्लिपमध्ये मंगलाष्टकांचा आवाज हळूहळू ओठांच्या पुढे पळायला लागतो. एडिटला घ्यायच्या आधी हँडब्रेकमधून कॉन्स्टंट फ्रेम रेट करून घ्या, आरएफ १६-१८ ठेवा म्हणजे क्वालिटी जात नाही. आयफोनवाल्यांना आधीच सांगा की कॅमेरा सेटिंगमधलं एचडीआर व्हिडिओ बंद कर, नाहीतर साध्या टाइमलाइनवर पांढरे झब्बे नुसते जळलेले दिसतात. आणि शूटपेक्षा जास्त बिटरेट देऊन काही उगवत नाही. आयफोनची १०८०पी ३० फ्रेमची एचईव्हीसी, म्हणजे एच.२६५ ची, क्लिप मिनिटाला ६० एमबीच असते, म्हणजे तीच ८ एमबीपीएस, ती ५० ला काढली तर फक्त हवा भरली. व्हॉट्सॲपवरून आलेल्या क्लिपचं तर विचारूच नका, पाठवणाऱ्याला डॉक्युमेंट म्हणून परत मागा.

टायटलची अक्षरं. मरून बॅकग्राउंडवर लाल रंगात 'शुभविवाह' असलं काही करू नका, एमपी४ मध्ये रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी रिझोल्यूशनमध्ये, आडवी निम्मी आणि उभी पण निम्मी साठवतात, त्यामुळे लालवर लाल अक्षरांच्या कडा फुटतात, कितीही बिटरेट द्या. पांढरी किंवा पिवळी अक्षरं, जाड फाँट. देवनागरीत तर बारीक फाँट घेतला की ७२०पीला अनुस्वार आणि रफार आधी गायब होतात आणि पत्रिकेतल्या आडनावाचं भलतंच होऊन बसतं.

मोबाईलवर एडिट करणाऱ्यांसाठी, कॅपकट आपल्याकडे २०२० पासून बंद आहे, पण व्हीएन किंवा काइनमास्टरमध्ये एक्सपोर्टला बिटरेटची पट्टी असते आणि ती सरकवली की अंदाजे साइज खाली दिसतो. ऑटो सोडून मॅन्युअल करा, १०८०पी, ३० फ्रेम, १० ते १२ वर पट्टी, आणि फोनमध्ये त्या साइजच्या दुप्पट जागा मोकळी ठेवा, नाहीतर ९७ टक्क्यांवर जाऊन थांबतं.

प्रीमिअरमधलं 'मॅक्सिमम रेंडर क्वालिटी' टिक करून फाइल सुधारत नाही, ते फक्त चित्र छोटं-मोठं करताना कामाला येतं. हँडब्रेकमधलं 'वेब ऑप्टिमाइज्ड' आणि दाविंचीमधलं 'नेटवर्क ऑप्टिमायझेशन' मात्र ऑनलाइन टाकायच्या फाइलला जरूर टिक करा, फाइलची यादी शेवटाऐवजी सुरुवातीला जाते आणि आख्खी डाउनलोड व्हायच्या आधीच प्ले होते.

एक्सपोर्ट झाल्यावर फाइल पहिली दोन मिनिटं बघून पाठवून देऊ नका. शेवटची दोन मिनिटं बघा, आवाज ओठांबरोबर आहे का ते तिथंच कळतं. मग मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल टाकून बघा, खरंच ८ आलंय का २० आलंय, फ्रेम रेट कॉन्स्टंट लिहिलंय का. पेनड्राइव्ह ज्या घरी जाणार त्या घरचा टीव्ही किती जुना आहे ते फोन करून विचारा, आणि काही कळेनासं झालं तर २० सेकंदांची एक छोटी फाइल आधी पाठवा, चालली तर मग बाकीची द्या. मास्टर मी पार्टीनं तिन्ही भाग बघून ठीक आहे म्हटल्याशिवाय उडवत नाही, कारण कुणाच्या तरी आत्याचं नाव टायटलमध्ये राहून गेलेलं असतंच.